सकाळी नवी, दुपारी जुनी

५ जानेवारी, सोमवार

कार्ड आलं. खोकं एवढं थोरलं की कुरियरवाल्याने विचारलं, "मॅडम, मिक्सर का?" मी म्हटलं, "हो, डोळ्यांचा." सही घेऊन जिना उतरताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

आजपासून ही वही. मासिकातली नोकरी सोडली तेव्हा संपादक म्हणाले होते, "तुमच्या जिभेला एक स्वतंत्र दुकानच काढून द्या." दिलं. माझं संकेतस्थळ सुरू झालं, वाचक येतात, हसतात आणि आपापल्या कामाला जातात. हसवणं आणि विश्वास बसवणं यात फरक आहे हे मला आता पन्नाशीत कळतंय. पण ह्या कंपनीने बाजारात यायच्या आधी कार्ड माझ्याकडे चाचणीला पाठवलं, म्हणजे कुणीतरी मला गंभीरपणे घेतंय. तेवीस तारखेला दुपारी त्यांचा समारंभ. त्याच घटकेला परीक्षणं छापायची मुभा. हे परीक्षण गाजलं तर दुकान चालेल. नाही गाजलं तर पुन्हा संपादकांच्या दारात उभं राहून "आहे का हो काही काम" म्हणायचं. त्यापेक्षा जीभ कापून ठेवीन.

खरा प्रश्न कार्डाचा नाहीच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकातला रंगारी, तो दरवर्षी जास्त वेगाने रंगवतो आणि जास्त वीज पितो, एवढंच. लोक मला विचारतात ते वेगळं: नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली आहे, खेळ खेळणाऱ्याने ती घालावी की जुनीलाच चिकटून राहावं? ह्याचं उत्तर कुणी छातीठोक देत नाही. मी देणार.

पद्धत ठरली. एकच यंत्र, एकच कार्ड, दोन डिस्का. एकीवर जुनी सिस्टिम, दुसरीवर नवी. सकाळी डोकं ताजं असतं म्हणून सकाळी नवी, दुपारी जुनी. रोज. शास्त्र म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जिथल्या तिथे. हे मी मासिकातल्या पोरांना सांगून सांगून थकले होते.

७ जानेवारी, बुधवार

चाचणीची खोली म्हणजे पूर्वीची अडगळ. भिंतीपलीकडे बाबा, म्हणजे माझे सासरे. फुप्फुसं थकल्यापासून त्यांच्या उशाशी हवेतला ऑक्सिजन गाळून देणारं यंत्र अखंड घुमतं, नाकात नळी. नवरा पाण्याचे पंप विकतो, सोमवार ते शुक्रवार दौऱ्यावर. त्यामुळे घरात आम्ही दोघंच. एक नळीने श्वास घेणारे, एक जिभेने.

आज पहिली फेरी. चाचणीला जो खेळ लावते त्यात एक घोडेस्वार भरधाव येतो, पुलाचा कठडा मोडतो आणि तो नदीत पडतो. हेच दृश्य पुन्हा पुन्हा चालवायचं आणि दर सेकंदाला किती चित्रं रंगली ते मोजायचं. बाबा नळी सांभाळत दारात येऊन उभे राहिले.

"हा पडला की गं."

"पडणारच, बाबा. त्याला त्यासाठीच ठेवलाय."

"परत उठला!"

"परत पडेल."

थोडा वेळ बघून म्हणाले, "सूनबाई, सरकारी नोकरीत होता का हा?"

मी हसले तेवढ्यात खट्कन सगळं बंद. पडदा काळा, दिवा गेला, आणि बाबांच्या खोलीतलं यंत्र किंचाळायला लागलं. वीज गेली की ते असं ओरडतं. बाबांना धरून पलंगावर बसवलं, संकटासाठी ठेवलेलं ऑक्सिजनचं छोटं नळकांडं लावलं, मग पॅसेजमधल्या पेटीतला ब्रेकर वर केला. तोच पडला होता. बाबांचे ओठ निळसर झालेले. म्हणाले, "काही नाही गं, जरा सरकारी नोकरी केली."

त्यानंतर दिवसभरात तो ब्रेकर आणखी पडत राहिला. बाबांची खोली आणि माझी एकाच लाइनीवर आहेत. मी कार्ड तापवायला घेतलं की त्यांचा श्वास बंद. असं चालणार नाही. उद्या वायरमनला बोलावते.

८ जानेवारी, गुरुवार

वायरमन आला. आनंदी माणूस. पेटी उघडली, शिट्टी वाजवली. "मॅडम, हा फार नाजूक बसवलाय. शिंकलं तरी पडेल."

"मग दणकट बसवा. आत म्हातारं माणूस आहे, मशीनवर. एकदाही पडता कामा नये."

"असा बसवतो की पडायचं नावच काढणार नाही."

बसवला. अंगठ्याएवढ्या जागेत बोटभर आकडा लिहिलेला काळा ठोकळा. जुना त्याने माझ्या हातात दिला, खाऊच्या पुडीसारखा. दुपारी जुनी सिस्टिम लावून कार्डाला पूर्ण जोर दिला, वर दिवे लावले, मुद्दाम इस्त्री लावली. पडला नाही. बाबांचं यंत्र निवांत घुमत होतं.

मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. सून म्हणून काहीतरी बरं केलं असं वाटण्याचे प्रसंग थोडे असतात.

१० जानेवारी, शनिवार

नवरा आला. आल्या आल्या बुटांपासून विक्रीच्या भाषणापर्यंत सगळं दारातच सोडलं. मी ब्रेकरची हकीकत सांगितली. तो म्हणाला, "छान केलंस. पंपांनाही आम्ही तेच करतो."

बाबांना खोकला कमी. थंडी मात्र वाढली आहे. सकाळी त्यांच्या खोलीत हिटर लावून ठेवते. दुपारी ऊन आलं की ते पुढच्या खोलीत खुर्चीवर जाऊन बसतात, मग हिटर बंद.

१३ जानेवारी, मंगळवार

सापडलं! सापडलं म्हणजे सापडायला लागलं.

नवी सिस्टिम पडते आहे. घोडेस्वार पुलावर येतो, कार्ड पूर्ण जोर लावतं, आणि अचानक यंत्र मुकाट. निळा पडदा नाही, तक्रार नाही, सरळ मेल्यासारखं बंद, आणि क्षणभराने आपोआप सुरू. काल सकाळी झालं, आज सकाळी पुन्हा. दुपारी जुनी सिस्टिम लावली तर तासन्‌तास घोडेस्वार पडतोय, यंत्र मात्र उभंच्या उभं.

कार्डाचं तापमान बघितलं, अगदी थंड. पंखे बघितले, चालू. ड्रायव्हर पुसून नवा घातला. हा ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि सिस्टिम यांच्यातला दुभाष्या, आणि दुभाषे सहसा दोन्हीकडची चोरी करतात. पण तोही निर्दोष निघाला. मग उरलं काय? नवी सिस्टिम.

कंपनीच्या प्रसिद्धीवालीला फोन केला. गोड आवाजात म्हणाली, "मॅम, आमच्याकडे असं कुणी कळवलं नाही."

"मग मी पहिली."

"मॅम, समारंभाला नक्की या. आमचे मुख्य अभियंता येणार आहेत, त्यांना विचारा."

विचारणार तर आहेच. चारचौघांत.

जाता जाता: खालच्या मजल्यावरच्या बाई सकाळी सकाळी मासे तळायला लागल्या आहेत. माझ्या खोलीत घमघमाट. खिडकी लावली तरी येतो. बाबांना काही पत्ता नाही, नाकात नळी, वासाची चैन त्यांनी कधीच सोडली.

१५ जानेवारी, गुरुवार

आज बाबांनी स्वतःचा पलंग हलवला. मी भाजी आणायला गेले होते तेवढ्यात. धापा टाकत बसलेले, चेहऱ्यावर मात्र शाळेतून पळालेल्या पोरासारखं समाधान.

"हे काय नवीन?"

"तुझ्याकडच्या भिंतीला लावलाय. हात लावून बघ."

बघितलं. कोमट होती. पाठ टेकवावी अशी.

"तुझा खेळ चालू झाला की शेकायला लागते. गरम पाण्याच्या पिशवीची कटकट नाही. सूनबाई, आजवर तू केलेल्यांतली ही सगळ्यांत उपयोगी गोष्ट."

"म्हणजे माझा स्वयंपाक..."

"त्याबद्दल मी बोललोय का कधी?"

ऑक्सिजनचं यंत्रही त्यांनी पलंगाबरोबर ओढून घेतलं, त्याच भिंतीपाशी. मला बरंच वाटलं. कार्डामागून गरम वारा निघतो तो भिंतीवर आपटत असणार. म्हणजे विजेचा एक थेंबही वाया जात नाही. परीक्षणात एक ओळ टाकीन: "घरात ज्येष्ठ असल्यास कार्डाचा जोडफायदा."

नवी सिस्टिम आज सकाळी दोनदा पडली.

१७ जानेवारी, शनिवार

नवरा आला. मी सकाळची फेरी चालवत होते. तो बाबांच्या खोलीतून माझ्या खोलीत, माझ्या खोलीतून बाबांच्या, असा दोन-चार वेळा फिरला. मांजर फिरतं तसा.

"ही भिंत गरम का गं?"

"ऊन."

"अगं, ही आतली भिंत आहे. हिला ऊन कुठून लागणार?"

"मग कार्डाची हवा. तुला काय, भिंतीचं लग्न ठरवायचंय?"

"वास पण कसलातरी येतोय."

"खालच्या बाई. मासे."

"माशांचा? मला जळकट वाटला."

"आठवडाभर पंपाच्या तेलात डुंबतोस, तुला अत्तरही जळकट वाटेल."

बाबा पलंगावरून ओरडले, "माझी भिंत बिघडवू नका रे कुणी!"

नवरा वाद हरला की भांडी घासतो. आज कुकरसुद्धा आतून चकचकीत झाला.

रात्री झोपताना पुन्हा म्हणाला, "पुढच्या शनिवारी बघतो मी जरा ते बोर्ड उघडून." मी म्हटलं, "बघ. तेवीस तारखेनंतर काय वाटेल ते उघड. तोवर माझ्या खोलीत बोट लावायचं नाही. मध्येच काही बदललं की सगळे आकडे कचऱ्यात." ते त्याला पटलं. आकडे म्हटले की तो नमतो, विक्रीत आहे ना.

१९ जानेवारी, सोमवार

आज एक शंका आली, ती इथे लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

सकाळी नवी पडते, दुपारी जुनी उभी राहते. पण नवी दुपारी लावली तर? मी लावलीच नव्हती. म्हणून आज उलट केलं. दुपारी नवी लावली. पडली नाही. संध्याकाळपर्यंत चालली, खुशाल.

पंधरवड्याची मेहनत आणि मथळासुद्धा तयार: "नवी सिस्टिम सकाळी उठत नाही." इतका चांगला मथळा मला वर्षात सुचलेला नाही. चहा केला, तो गार झाला, मी नुसती बसून.

मग लक्षात आलं. नवी सिस्टिम सकाळी चोरून स्वतःचे अपडेट उतरवते! कंपनीच्या मदतपानावरच लिहिलंय, पार्श्वभूमीला, वापर नसताना वगैरे. तिला माझा वापर दिसतच नसणार. म्हणजे सकाळी कार्ड पूर्ण जोरात आणि त्याच वेळी हिचा गुपचूप संसार. म्हणून सकाळी पडते, दुपारी पडत नाही. मथळा नुसता टिकला नाही, त्याला आता कारणही मिळालं. सगळं चपखल बसलं.

चहा पुन्हा गरम करून प्यायले.

जुनी सकाळी लावून बघायला हवी का? हवी, नियमाने हवी. पण आकडे मांडायचे, तक्ते रंगवायचे, लेख लिहायचा. वेळ कुठे आहे. आणि ती पडली तर, असा एक चिमुकला विचार येऊन गेला. त्याला बाहेर घालवलं आणि दार लावलं.

२० जानेवारी, मंगळवार

खालच्या बाई जिन्यात भेटल्या. मी म्हटलं, "वहिनी, रोज मासे! मजा आहे."

त्या थबकल्या. "आमच्याकडे? आम्ही तर कधीच खात नाही हो. मला वाटलं तुमच्याकडे करता."

मी म्हटलं, असेल, कुणी लपून खात असेल, नवऱ्यावर नजर ठेवा. त्या हसल्या नाहीत. "सकाळीच येतो ना वास?" म्हणाल्या. मी म्हटलं, "हो, सकाळीच." आणि वर आले. ह्या इमारतीत लोकांना विनोद कळत नाही.

प्लगच्या बोर्डावर तपकिरी डाग पडलाय. चहा उडाला असणार. ओल्या फडक्याने पुसायला गेले तर निघेना आणि बोर्ड हाताला चटकन गरम लागलं. कार्डाच्या खोक्यात कंपनीने एक चकचकीत ड्रॅगनचं स्टिकर दिलंय, ते वर चिकटवलं. बोर्ड आता कसं गेमिंगचं दिसतं.

बाबा म्हणाले, "दिवा मिचकावतो गं माझ्या खोलीतला. मला डोळा मारतो."

"ह्या वयात तुम्हांला कोण डोळा मारणार, बाबा. घ्या समजून."

"आणि भिंतीत कुणीतरी बोलतं."

"काय बोलतं?"

"बोलत नाही म्हणजे... तडतड. दाणे भाजल्यासारखं."

झुरळं असतील. शुक्रवार आटोपला की फवारणी करून घेते.

२२ जानेवारी, गुरुवार

लेख पूर्ण. वाचून मलाच हसू आलं, म्हणजे ठीक आहे. कार्डाला पैकीच्या पैकी, नव्या सिस्टिमची सालटी. शेवटचा सल्ला एका वाक्यात: खेळ खेळायचे असतील तर जुनीवरच राहा.

उद्या समारंभात नुसतं बोलून भागणार नाही, दाखवायला हवं. म्हणून ठरवलंय, घरी यंत्रावर नवी सिस्टिम लावून घोडेस्वाराची फेरी अखंड चालू ठेवून निघायचं. आकडे माझ्या फोनवर दिसतात. समारंभ दुपारचा असला तरी सकाळपासून अखंड चालवली की अपडेट उतरवायचा मोह हिला कधीतरी होईलच. सभागृहात बसल्या जागी, सगळ्यांच्या देखत, नवी सिस्टिम पडताना दाखवीन. ह्याला म्हणतात पुरावा.

नवरा फोनवर म्हणाला, "बाबा एकटे?"

"खालच्या बाई मध्ये एकदा डोकावतील. मोबाइल त्यांच्या उशाशी. नळकांडं हाताशी. आणि मी संध्याकाळच्या आत परत."

"ते मशीन बंद करून जा की गं तुझं."

"तेच तर दाखवायचंय. तू पंप बंद करून विकतोस का?"

हसला. पण नेहमीचं हसू नव्हतं.

२३ जानेवारी, शुक्रवार. दुपार, सभागृहाच्या बाहेरच्या सोफ्यावर

आधी सकाळचं. आभाळ गच्च, ऊन नाही, कडाक्याची थंडी. बाबा पुढच्या खोलीत जायलाच तयार नाहीत. "ऊन नाही तर तिकडे काय करू? मी आपला भिंतीशी बरा." हिटर दिवसभरासाठी लावून दिला, पांघरूण नीट केलं, नळी तपासली. यंत्र घुमत होतं. फेरी चालू केली, पूर्ण जोरात.

बाबांनी साडीकडे बघून विचारलं, "कुणाला जिंकायला निघालीस?"

"नव्या सिस्टिमला."

"जिंकून ये. घाई नको करू, मी कुठे जातोय."

आता इथलं. दिव्यांचा लखलखाट, धूर सोडणारं यंत्र, तरुण पोरं, काळे शर्ट. मी एकटी साडीतली. प्रश्नांच्या वेळी उभी राहिले आणि सगळं मांडलं. सकाळी नवी, दुपारी जुनी, कार्ड थंड, ड्रायव्हर नवा, तरी यंत्र मुकाट बंद. मुख्य अभियंता म्हणजे शिडशिडीत, चष्मेवाला, कंटाळलेला गृहस्थ. तो कंटाळा एकदम उतरला.

म्हणाला, "मॅडम, असं सरळ बंद होणं सिस्टिममुळे सहसा होत नाही. भिंतीतल्या प्लगवर विजेचा दाब मोजला होतात का?"

मी म्हटलं, "वा! कार्ड तुमचं, सिस्टिम दुसऱ्याची आणि दोष माझ्या भिंतीचा! उद्या म्हणाल, माझ्या सासूचा. ती बिचारी वारली, नाहीतर तीही कबूल झाली असती."

सभागृह हसून कोसळलं. मागच्या रांगेतली पोरं बाकं बडवत होती. असा हशा मला मासिकाच्या सबंध नोकरीत मिळाला नव्हता. अभियंता हसला नाही, खाली बसला.

चहाच्या टेबलापाशी मात्र शोधत आला. हातात कप तसाच.

"मॅडम, ब्रेकर पडतो का घरातला?"

"पडायचा. आता नाही पडत. मोठा बसवून घेतलाय."

"आणि तारा? तारा बदलल्या?"

"तारांना काय झालं?"

त्याने कप खाली ठेवला. "घरी आत्ता कोणी आहे का?"

आता हे काय! ओळख ना देख, पन्नाशीच्या बाईला, घरी कोण असतं ही चौकशी! मी म्हटलं, "माझा पत्ता तुमच्या प्रसिद्धीवालीकडे आहे, रीतसर मागा." तेवढ्यात ती प्रसिद्धीवालीच आली आणि फोटोसाठी मला ओढून घेऊन गेली. तो मागून काहीतरी बोलत होता, पण त्या ढणढणाटात ऐकू कुठलं येतंय. फोटोत त्याचा अर्धा हात आलाय, मला बोलावतोय असा.

फोटो झाला आणि मी फोन बघितला. आकडे थांबले होते! घोडेस्वार पुलावर, कार्ड थंड, आणि पुढची रेघ नाही. यंत्राशी संपर्क तुटलेला. पडली! भर समारंभात, दिलेल्या शब्दाबरहुकूम नवी सिस्टिम पडली. शेजारच्या पोरांना पडदा दाखवला. एकजण म्हणाला, "ताई, मानलं तुम्हांला." तिथेच सोफ्यावर बसून लेखाचं बटण दाबलं. प्रसिद्ध.

थोडी वाट पाहिली. दर वेळी यंत्र क्षणात आपोआप सुरू होतं आणि आकडे पुन्हा यायला लागतात. आज नाही आले. म्हणजे नुसती पडली नाही, पुरती झोपली! हे तर आणखीच चांगलं, लेखाला पुरवणी होईल. बाबांना फोन लावला, म्हटलं जरा दारातून बघून सांगा पडदा काळा आहे का. उचलत नाहीत. नळीत गुंतले असतील किंवा डोळा लागला असेल. खालच्या बाईंचा फोन दोनदा येऊन गेला होता, मी फोटोत होते. उलट लावला तर सतत व्यग्र. ह्या बाई एकदा फोनवर बसल्या की तास तास. नवऱ्याचाही एक फोन येऊन गेलेला. त्याला कौतुक करायचं असणार, लेख वाचला असेल.

ते यंत्र स्वतः परत उठायच्या आत त्या काळ्या पडद्याचा फोटो काढायला हवा. निघते.

तोच दिवस, टॅक्सीत

अक्षर हलतंय, इलाज नाही. मनात आहे तोवर उतरवून ठेवते.

लेख चांगलाच पेटलाय. प्रतिक्रियांवर प्रतिक्रिया. "जुनीवर परत गेलो", "तुम्ही वाचवलंत". माझ्या जुन्या संपादकांचाही निरोप: "जीभ शाबूत आहे, अभिनंदन." दुकान चाललं. बाबांना आज गोड काहीतरी करते. अभियंत्याने म्हणे प्रसिद्धीवालीकडून माझा नंबर मागून घेतला, अनोळखी नंबरावरून सारखे फोन येतायत. उचलत नाही. हरलेल्या माणसाची समजूत मी घालत नसते.

रस्ता तुंबला होता, पुढे काही हलेना. मग मागून घंटा वाजवत आगीचा बंब आला. सगळ्या गाड्या दोन्ही बाजूंना दबल्या आणि मधोमध वाट झाली. आमचा ड्रायव्हर हुशार. पटकन त्याच्या मागे लागला.

मी म्हटलं, "अहो, चालतं का असं?"

"बसा हो मावशी. असा रस्ता रोज मिळत नाही."

खरंच मिळत नाही. बाजाराचा चौक आम्ही न थांबता ओलांडला. आजचा दिवसच असा आहे, सगळं माझ्या बाजूने. बंब पुलाखालून डावीकडे वळला, आम्हांलाही तिकडेच जायचं होतं. शाळेपाशी उजवीकडे वळला, आम्हीही. ड्रायव्हर मान मागे करून हसला, "मावशी, तुम्हीच बोलावला की काय ह्याला?"

दवाखान्यावरून तो सरळ जाईल असं वाटलं होतं. नाही गेला. आमच्याच रस्त्याला लागला. लोक खिडक्यांतून, गच्च्यांतून वर कुठेतरी बघतायत. माणसांना काही कामं नाहीत.

आता तो हळू झालाय. एवढा मोठा गाडा नेमका आमच्या फाटकापुढे आडवा लावला, तर मला इथेच उतरून साडी सावरत चालत जावं लागेल.